संगणक सुरू होतांनाच कां अडतो ?

हल्लीं शहरांतील व खेड्यांतील पुष्कळ घरांत संगणकाचा प्रवेश झाला आहे. मुलांचे शाळेचे प्रकल्प, वडिलांच्या दुकानाचा हिशेब, शेताच्या उताऱ्यांच्या प्रती व दूरदेशीं असलेल्या आप्तांचीं छायाचित्रें, हीं सर्व एकाच यंत्राच्या पोटांत सांठविलेलीं असतात. असें हें उपयोगी यंत्र एखाद्या सकाळीं सुरू करावें, आणि कंपनीचें चिन्ह पडद्यावर उमटून तेथेंच तें स्तब्ध उभें राहावें, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. बटणें दाबलीं तरी उपयोग होत नाहीं. माऊस फिरविला तरी बाण हलत नाहीं. मग घरांत एकच गडबड उडते. कोणी म्हणतो यंत्र जळलें, कोणी म्हणतो व्हायरस शिरला. दुरुस्तीच्या दुकानीं नेल्यास कधीं कधीं असा सल्ला मिळतो कीं, मदरबोर्ड बदला, नाहीं तर सर्व पुसून फॉरमॅट करा. पहिल्या उपायांत पैसा जातो, व दुसऱ्यांत वर्षानुवर्षांचें काम जातें. आणि कित्येक वेळां दोष ह्या दोहोंपैकीं एकाही ठिकाणीं नसतो. तो असतो यंत्राच्या पाठीशीं लोंबत असलेल्या एखाद्या पेनड्राइव्हांत, प्रिंटरांत किंवा जुनाट केबलींत.

यास्तव, जोडलेल्या उपकरणांमुळें संगणक सुरू होतांना कां अडतो, व तें घरच्या घरीं, पैसा न खर्चितां व कांहींही न पुसतां कसें ओळखावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, अशा हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. ह्या कामास विशेष विद्वत्ता लागत नाहीं. धीर व क्रम हीं दोनच लागतात.

यंत्र कोठें अडतें हें कळण्यासाठीं तें जागें कसें होतें हें प्रथम पाहिलें पाहिजे. वीज बंद होतांच संगणकाची चालू कामाची स्मृति, जिला रॅम म्हणतात, कोरी होऊन जाते. म्हणून बटण दाबल्याबरोबर यंत्रास कोणी तरी पहिला धडा द्यावा लागतो. तो धडा मदरबोर्डावरील एका लहानशा चिपेंत लिहून ठेविलेला असतो, व वीज गेली तरी तो पुसला जात नाहीं. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत. नव्या यंत्रांत यूईएफआय नांवाची सुधारलेली पद्धत आली आहे, तरी लोकांच्या तोंडीं बायोस हेंच नांव राहिलें आहे. हा बायोस तीन कामें क्रमानें करितो. प्रथम तो प्रोसेसर, रॅम वगैरे मुख्य भाग शाबूत आहेत कीं नाहींत हें तपासतो. नंतर तो जोडलेल्या उपकरणांची ओळख करून घेतो. शेवटीं विंडोज किंवा लिनक्स यांसारखी मुख्य प्रणाली कोणत्या डिस्कवर आहे हें शोधून यंत्र तिच्या स्वाधीन करितो. मग ती प्रणाली सर्व उपकरणांची पुन्हां एकवार विचारपूस करिते, व प्रत्येकासाठीं त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशीं बोलण्याची रीत जाणणारा प्रोग्राम, स्मृतींत आणून बसविते.

ही विचारपूस शाळेंतील हजेरीसारखीच असते. यूएसबीच्या पद्धतींत उपकरण साधारणतः आपण होऊन बोलत नाहीं. संगणकानें विचारिल्यावर तें उत्तर देतें. 'तूं कोण ? कोणत्या कंपनीचा ? तुला वीज किती लागते ?' असें संगणक विचारितो, उपकरण आपली माहिती सांगतें, व संगणक त्यास एक पत्ता नेमून देतो. यूएसबीच्या एका जाळ्यांत असे जास्तींत जास्त १२७ पत्ते देतां येतात. आतां वर्गांतील हजेरी डोळ्यांपुढें आणा. जो मुलगा गैरहजर आहे त्याच्यामुळें हजेरी थांबत नाहीं. गुरुजी पुढचें नांव घेतात. परंतु जो नांव घेतल्यावर उभा राहतो आणि तोंडांतून शब्द मात्र काढीत नाहीं, त्याच्यापाशीं गुरुजी थबकतात. संगणकाचेंही तसेंच आहे. पूर्ण मेलेलें उपकरण त्यास दिसतच नाहीं, म्हणून तें सहसा अडवीत नाहीं. अर्धवट जिवंत असलेलें उपकरण अडवितें. चांगल्या प्रोग्रामांत 'इतका वेळ वाट पाहा, मग पुढें जा' अशी मर्यादा घातलेली असते. जेथें ती नसते किंवा फार मोठी असते, तेथें यंत्र वाट पाहात उभें राहतें, आणि आपण म्हणतों कीं तें हँग झालें.

गैरहजर उपकरणही एका प्रसंगीं अडवितें; तें येणारच असें यंत्रास आधीं सांगून ठेविलें असेल तेव्हां. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींत बाहेरच्या डिस्कचें नांव नेहमींच्या यादींत लिहून ठेविलें व पुढें ती डिस्क काढून नेली, तर सुरू होतांना यंत्र साधारणतः ९० सेकंद तिची वाट पाहतें. जुन्या संगणकांतील एक नमुना तर गमतीचा आहे. कीबोर्डाची तार निसटलेली असली कीं पडद्यावर संदेश येई, 'कीबोर्ड सांपडत नाहीं. पुढें जाण्यासाठीं एफ-वन दाबा.' जो कीबोर्ड नाहींच, त्याचें बटण दाबावें कोणीं ? ह्या विनोदांत आपल्या विषयाचें सार आहे : अडलेलें यंत्र नेहमीं मोडलेलेंच असतें असें नाहीं, पुष्कळदां तें कोणाची तरी वाट पाहात असतें.

उपकरणांमुळें यंत्र अडण्याचीं कारणें मुख्यतः चार आहेत. पहिलें कारण क्रमाचें. मुख्य प्रणाली कोठें कोठें शोधावी याची एक यादी बायोसाजवळ असते. त्या यादींत यूएसबीचें नांव घरच्या डिस्कच्या वर असेल, आणि कोणी पेनड्राइव्ह लावून विसरला असेल, तर बायोस प्रथम त्या पेनड्राइव्हांत डोकावतो. त्यांत असतात गाणीं व छायाचित्रें. तेथें विंडोज कोठून मिळणार? कांहीं यंत्रें लगेच पुढच्या नांवाकडे वळतात. कांहीं मात्र काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत ठेवून तेथेंच थांबतात. फ्लॉपीच्या काळीं हा प्रकार नित्याचा होता. रात्रीं फ्लॉपी आंत राहिली कीं सकाळीं संगणक उघडत नसे, व ती बाहेर काढून एखादें बटण दाबलें कीं उघडे. काळ बदलला, फ्लॉपी गेली, विसर मात्र तोच राहिला.

दुसरें कारण विजेचें. यूएसबीच्या खांचेंतून ५ व्होल्टची वीज मिळते. २.० पद्धतीच्या खांचेंतून उपकरणास ५०० मिलिअँपिअरपर्यंत, व ३.० पद्धतीच्या खांचेंतून ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतां येतो. बाहेरच्या हार्ड डिस्कची तबकडी एकदां फिरूं लागली म्हणजे तिला वीज बेताची पुरते, परंतु फिरावयास आरंभ करितांना अधिक लागते. एकाच खांचेस चार तोंडांचा साधा हब लावून त्यावर डिस्क, वेबकॅम व मोबाइल असें सर्व जोडलें, तर एका नळावर चार घरांनीं एकाच वेळीं पाणी भरावें तशी स्थिति होते. डिस्क अर्धवट फिरते, थांबते, पुन्हां फिरूं पाहते, व संगणक तिच्या उत्तराची वाट पाहतो. ह्याच्या उलटही घडतें. स्वतंत्र अडॅप्टर असलेला एखादा हलक्या बनावटीचा हब, संगणक बंद असतांही, मागल्या दारानें त्याच्या अंगांत वीज सोडीत राहतो. त्यामुळें यंत्र पुरतें विझत नाहीं व पुन्हां सुरू होतांना गोंधळतें. खांचेंतील पत्रा वाकून दुसऱ्यास टेकला असेल, किंवा दमट हवेनें त्यास गंज चढला असेल, तर कोणतेंही उपकरण न लावितांही हा दोष उद्भवतो.

तिसरें कारण खुद्द उपकरणाच्या दुखण्याचें. बाहेरची डिस्क किंवा कार्ड-रीडरांतील कार्ड आंतून खराब होऊं लागलें, म्हणजे तें 'मी आहें' एवढें सांगतें, परंतु त्यावरील मजकूर वाचूं गेल्यास वाचूं देत नाहीं. संगणक तोच भाग पुन्हां पुन्हां वाचूं पाहतो आणि त्यांत त्याचा वेळ जातो. चौथें कारण ड्रायव्हराचें. प्रिंटर, स्कॅनर किंवा वेबकॅम यांचा ड्रायव्हर जुना असला अथवा नव्या प्रणालीशीं त्याचें जमत नसलें, तर बायोसाचें काम सुरळीत होऊनही विंडोजचें चिन्ह दिसल्यानंतर यंत्र अडतें.

यूएसबी इतकीं वर्षें वापरांत असतां असें कां घडावें, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. पूर्वीं कीबोर्डाची खांच निराळी, प्रिंटरची निराळी, माऊसची निराळी, असा घोळ होता. तो मिटविण्यासाठीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी व नॉर्टेल ह्या सात कंपन्या एकत्र आल्या, व जानेवारी १९९६ मध्यें यूएसबीची पहिली पद्धत प्रसिद्ध झाली. ह्या कामांतील एक प्रमुख इंजिनियर, इंटेल कंपनींतील श्री. अजय भट्ट, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. २०१३ सालीं त्यांस युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड हा बहुमान मिळाला. खांच एक झाली ही मोठीच सोय झाली. परंतु तिच्यांत बसणारीं उपकरणें असंख्य कारखान्यांतून येतात, आणि त्यांच्या सर्व जोड्या आधीं तपासून पाहणें कोणासही शक्य नाहीं. ता. २० एप्रिल १९९८ रोजीं शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनांत बिल गेट्स हे विंडोज ९८ चें प्रात्यक्षिक भरसभेंत दाखवीत होते. त्यांच्या सहकाऱ्यानें एक स्कॅनर यूएसबीस जोडला मात्र, तोंच यंत्र बंद पडून निळा पडदा झळकला व सभागृहांत हशा पिकला. पुढें २०१९ सालीं विंडोज १० ची एक मोठी सुधारणा निघाली, तेव्हां ज्या यंत्रांस यूएसबीवरील डिस्क किंवा एसडी कार्ड लावलेलें असेल त्यांवर ती बसूं नये, अशी तजवीज मायक्रोसॉफ्ट कंपनीसच करावी लागली. कारण तीं लावलेलीं असतां डिस्कांस दिलेलीं अक्षरें चुकीनें बदलण्याचा संभव होता. तेव्हां घरचें यंत्र अडल्यास कोणीं लाजण्याचें किंवा मुलांस बोल लावण्याचें कारण नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, घाईनें बटण दाबूं नये. पडद्यावर सुधारणा बसविली जात असल्याची सूचना असेल, किंवा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर पंधरा-वीस मिनिटें वाट पाहावी, व काम पुढें सरकत असेल तर तें पुरें होऊं द्यावें. मध्येंच वीज तोडल्यानें नसलेला बिघाड उत्पन्न होतो. ह्या वेळांत यंत्र नेमकें कोठें थांबलें आहे तें वहींत लिहून ठेवावें. कंपनीच्या चिन्हावरच थांबलें असेल तर अडचण बायोसाच्या पायरीवर आहे, व जोडलेलें उपकरण किंवा वीज यांचा संशय घ्यावा. काळ्या पडद्यावर रेघ लुकलुकत असेल अथवा प्रणाली सांपडत नाहीं असा संदेश असेल, तर क्रमाच्या यादीचा संशय घ्यावा. विंडोजचें चिन्ह येऊन ठिपके गोल फिरत राहिले असतील, तर ड्रायव्हराचा किंवा दुखऱ्या डिस्कचा संशय घ्यावा.

इतकें झाल्यावर चालू-बंदचें बटण सुमारें दहा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावें. मग पडदा, कीबोर्ड व माऊस एवढेंच ठेवून बाकी सर्व काढावें : पेनड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, हब, बाहेरची डिस्क, कार्ड-रीडरांतील कार्ड, मोबाइलची केबल, आणि बिनतारी माऊसचा जो बोटाच्या पेराएवढा तुकडा मागें बसविलेला असतो तोही, तो असल्यास तारेचा माऊस लावावा. भिंतींतील प्लगही काढावा व बटण पुन्हां कांहीं सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. नंतर प्लग लावून यंत्र सुरू करावें. तें सुरळीत उघडलें, तर निम्मा निकाल लागला : मदरबोर्ड जळलेला नाहीं व फॉरमॅट करण्याचें कारण नाहीं. उघडल्याबरोबर पहिलें काम हें कीं, महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत धड असलेल्या डिस्कवर काढून ठेवावी. शोध मागाहून करितां येतो. गेलेला मजकूर मागाहून मिळेलच असें नाहीं.

मग अपराधी शोधावा. रीत एकच : एका वेळीं एकच बदल. यंत्र बंद करावें, एक उपकरण लावावें, पुन्हां सुरू करावें. उघडलें तर दुसरें लावावें. उपकरणें पुष्कळ असतील तर अर्धीं अर्धीं करून पाहावें. समजा, आठ उपकरणें आहेत व त्यांपैकीं एक दोषी आहे. प्रथम चार लावावीं. यंत्र अडलें तर दोषी त्या चारांत आहे, न अडलें तर उरलेल्या चारांत आहे. मग दोन, मग एक. अशा रीतीनें तीन वेळांत उत्तर निघतें. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कधीं कधीं एकेक उपकरण निराळें लाविलें असतां यंत्र चालतें, आणि सर्व मिळून लाविलीं कीं अडतें. तेव्हां दोषी कोणीही एक नसून विजेची एकूण मागणी दोषी असते, हें ओळखावें.

एका उपकरणावर संशय आला म्हणून त्यास लगेच शिक्षा करूं नये. तें काढल्यावर यंत्र चालतें, लावल्यावर अडतें, व पुन्हां काढल्यावर चालतें, असें तिन्ही वेळां दिसलें पाहिजे. त्यानंतर तेंच उपकरण दुसऱ्या केबलीनें लावून पाहावें. चाललें तर दोष केबलीचा. दुसऱ्या खांचेंत लावून पाहावें; चाललें तर दोष खांचेचा, व यंत्र बंद असतां बॅटरीच्या उजेडांत तिच्यांतील पत्रे वाकले आहेत काय हें पाहावें. शेजाऱ्यांच्या संगणकास लावून पाहावें. तेथेंही तें अडलें तर दोष उपकरणाचा, न अडलें तर आपल्या ड्रायव्हराचा किंवा बायोसाच्या मांडणीचा. अशा रीतीनें तीनशें रुपयांच्या केबलीपायीं तीन हजारांची डिस्क टाकून देण्याची चूक टळते.

कारण कळल्यावर उपाय सोपा आहे. क्रमाचा दोष असेल तर यंत्र सुरू होतांना बायोस उघडून यादींत घरची डिस्क, अथवा विंडोजचें नांव, वर आणून ठेवावें. त्यासाठीं कोठें एफ-टू, कोठें डिलीट, तर कोठें एफ-टेन बटण लागतें, व पडद्याच्या तळाशीं तें बहुधा लिहिलेलें असतें. विजेचा दोष असेल तर जड उपकरण सरळ संगणकाच्याच खांचेंत लावावें, किंवा स्वतंत्र अडॅप्टर असलेला चांगला हब घ्यावा. ड्रायव्हराचा दोष असेल तर उपकरण काढून, जुना ड्रायव्हर काढून टाकून, त्या उपकरणाच्या कंपनीनें दिलेला नवा बसवावा. विंडोजमध्यें आणखी एक गोष्ट आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून यंत्र लवकर उघडावें म्हणून, 'शट डाउन' केल्यावरही प्रणालीचा कांहीं भाग डिस्कवर जपून ठेवण्याची सोय आली आहे. म्हणून 'बंद करून पुन्हां लावलें' तरी जुना गोंधळ कायम राहतो. 'रीस्टार्ट' केल्यानें मात्र आरंभ नव्यानें होतो. यंत्र वरचेवर अडत असेल तर 'फास्ट स्टार्टअप' नांवाची ही सोय बंद करून पाहावी. बायोसाची नवी आवृत्ति चढविणें हा उपाय मात्र अगदीं शेवटचा समजावा. तें काम चाललें असतां वीज गेल्यास यंत्र कायमचें निकामी होऊं शकतें, आणि आपल्याकडे भारनियमन केव्हां होईल याचा नेम नसतो.

सर्व उपकरणें काढूनही यंत्र अडत असेल, तर दोष आंतील डिस्कचा, रॅमचा किंवा दुसऱ्या कशाचा आहे असें समजून जाणत्या कारागिराकडे जावें. तेव्हांही आपली वही बरोबर न्यावी. 'चालत नाहीं' एवढेंच सांगणारापेक्षां, 'सर्व काढून पाहिलें, विंडोजच्या चिन्हावर अडतें' असें सांगणाराचें काम लवकर व थोड्या खर्चांत होतें. आणि पालकांस आमची एक आग्रहाची विनंती आहे : 'आंतील मजकुराची प्रत काढल्यावांचून कांहीं पुसूं नका' असें कारागिरास स्पष्ट सांगावें, व शक्य तर लिहून द्यावें. यंत्र पुन्हां विकत मिळतें. मुलीनें वर्षभर खपून केलेला प्रकल्प किंवा आजोबांचें शेवटचें छायाचित्र बाजारांत मिळत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, वर सांगितलेल्या रीतींत संगणकापुरतें असें थोडेंच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत विजेचा दिवा लागत नाहीं तेव्हां तुम्ही एकदम सर्व तारा बदलीत नाहीं. एकेक तार तपासतां, पाहतां, वहींत लिहितां व मग निर्णय करितां. घरच्या संगणकापुढेंही तीच शिस्त उपयोगीं पडते. पुढच्या खेपेस घरचें किंवा शेजारचें यंत्र अडलें, तर प्रथम हात मागें घेऊन पाठीमागच्या तारा मोजा. एक वही घ्या, एकेक तार सोडवा व काय दिसतें तें लिहा. तुमच्या वडिलांचे दुरुस्तीचे पैसे वाचतील, आणि घरांतील सर्वांचें सांठविलेलें काम तुमच्या हातून सुरक्षित राहील.